वादळाचं वावडं

आमच्या गावाला वादळाचं वावडं आहे, असं मी पंधरा-सोळा वर्षं मानत आले होते. गाव सिंदेवाहीपासून सहा-सात किलोमीटरवर, मूलच्या रस्त्याला लागून. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून मी आभाळाकडे डोळे लावून बसले आहे. पावसासाठी नव्हे. पावसासाठी डोळे लावणारे गावात पुष्कळ आहेत आणि त्यांना तसं कारणही आहे. मला वादळ हवं होतं. झाडं मुळासकट उपटणारं, लिंबाएवढ्या गारा ओतणारं, भरदुपारी दिवे लावायला लावणारं, ज्याची गोष्ट माणूस पुढे वीस वर्षं सांगू शकेल असं. आणि तेही घरबसल्या. गच्चीवर खुर्ची टाकून, हातात चहाचा कप धरून पाहता येईल, अशा सोयीचं.

मी गावच्या हायस्कुलात भूगोल शिकवते. नवऱ्याचं घराला लागूनच हार्डवेअरचं दुकान आहे. छताचे पत्रे, ताडपत्र्या, खिळे, पाइप. त्यामुळे गावात एक वाक्य कायमचं तयार होतं. "बाईले वादळाचा शौक अन् भाऊचा पत्र्याचा धंदा. जोडा बराबर जमला." खरं तर नवऱ्याला माझ्या शौकाशी काही देणंघेणं नाही. तो दिवसातून एकदाच वर बघतो, सकाळी, अडलेली शिंक सुटावी म्हणून.

माझी तयारी मात्र जय्यत होती. अंगणात पाऊस मोजायचं नळकांडं. भिंतीवर तापमापक. गच्चीवर लोखंडी पाइपच्या टोकाला वाऱ्याचा वेग मोजणारं तीन वाट्यांचं यंत्र, ज्याला गाव 'म्याडमची भिंगरी' म्हणतं. त्या भिंगरीतून एक वायर खाली माझ्या खोलीत आणली होती आणि तिथे एका छोट्या पडद्यावर आकडे दिसत. पाइप उभा करून दिला तो रस्त्यापलीकडच्या वेल्डिंगवाल्या भाऊंनी. पाइप जोडताना त्यांनी विचारलं होतं, "भाभी, हवा किती सुटली ते तर खिडकीतूनच समजते. मशीन काऊन पायजे?"

मी त्यांना विज्ञान समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कारण वेल्डिंगचा चष्मा लावला की माणसाच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही.

शिवाय मी मोबाइलवरच्या एका मंडळात होते. राज्यभरचे हवामानवेडे तिथे जमत. कोणाकडे वीज पडली, कोणाकडे ढगाला सोंड फुटली, कोणाचं गाव पाण्यात गेलं, सगळं फोटोसकट. कोकणातल्या एका डॉक्टरांच्या घरावरून तर आख्खं चक्रीवादळ गेलं होतं, डोळ्यासकट. त्यांनी नारळाची झाडं जमिनीला टेकल्याचा व्हिडिओ टाकला तेव्हा मला तीन दिवस जेवण गोड लागलं नाही. आमच्याकडून मी काय टाकणार? ऊन. चंद्रपूरच्या उन्हाचं नाव देशभर असलं तरी उन्हाला आवाज नाही, हालचाल नाही, आणि फोटोत ते सगळीकडे सारखंच दिसतं. मी एकदा पाऱ्याचा फोटो टाकला. एकानं खाली लिहिलं, "काळजी घ्या." वादळवाल्यांना कोणी काळजी घ्या म्हणत नाही, त्यांना वा म्हणतात.

बंगालच्या उपसागरातली वादळं आमच्याकडे येतच नाहीत असं नाही. ती समुद्रावर नाव घेऊन, थाटामाटात निघतात. मग ओडिशा ओलांडतात, छत्तीसगडात दम टाकतात आणि गडचिरोलीच्या जंगलात शिरतात तोवर त्यांची दशा चार गाड्या बदलून आलेल्या पाहुण्यासारखी झालेली असते. आमच्या गावात उतरतात ती फक्त झोपायला. दोन दिवस ढगाळ, थोडी झिमझिम, की गेली.

एका वर्षी मात्र एप्रिलमध्ये इशारा आला. वादळी वारे, विजा, गारपीट, आणि जिल्ह्याच्या नावापुढे नारिंगी रंग. मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहिलं. येताना बाजारातून प्रत्येकाला सांगत आले. भाजीवालीला डोक्यावरचं पाल काढायला लावलं. मिरच्या वाळत घातलेल्या तीन घरांतल्या मिरच्या आत घ्यायला लावल्या. एका लग्नघरी मांडव उभा राहत होता, तिथे जाऊन मी नवरीच्या बापाला वाऱ्याचा अपेक्षित वेग सांगितला. त्यांनी कापड सोडवून घेतलं. नवऱ्यानं पत्र्यांची चळत दोरीनं आवळली आणि शटर अर्धं ओढलं.

मग मी गच्चीवर जाऊन बसले. चार वाजले, पाच वाजले. पश्चिमेकडून मातकट ढग आला, आमच्या डोक्यावर उभा राहिला, बहुतेक गाव बघितलं, आणि चार थेंब टाकून नागभीडकडे निघून गेला. थेंब मी मोजले होते असं पुढे गावानं पसरवलं. तेवढं खरं नाही.

दुसऱ्या दिवशी भाजीवाली म्हणाली, "म्याडम, वादळ कुठी गेलं?"

"नागभीडकडे."

"त्याले बी तुमचा पत्ता नाई सापडला काय?"

लग्नघरच्या वऱ्हाडानं उन्हात जेवण केलं, कारण काढलेलं कापड परत चढवायला माणसं मिळाली नाहीत. त्या घरचं हळदीकुंकवाचं बोलावणं मला अजून आलेलं नाही.

त्यानंतरच्या वर्षी मार्चअखेर कुरखेड्याहून मोठ्या बहिणीचा फोन आला. तिला आम्ही लहानपणापासून बाईच म्हणतो. तिकडे गारा पडल्या होत्या. अर्धा तास. अंगण पांढरं झालं होतं, असं ती म्हणाली, आणि माझ्या तोंडून पहिलं जे निघालं ते असं, "बाई, केवढ्या होत्या? बोराएवढ्या की लिंबाएवढ्या?"

 मग बाई म्हणाली, "घरातले सारे जित्ते हायेत. तू इचारलं नाई म्हणून सांगून राह्यली."

मी ओशाळले. पण अगदी थोडी, कारण लगेच म्हणाले, "चार-पाच फ्रीजात टाकून ठेव न. मी उद्या येतो."

"लाइटीची लाइन कालपासून नाई इथी," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मी निघाले. ब्रह्मपुरी, वडसा करत कुरखेडा. पिशवीत बहिणीसाठी काही नव्हतं. थर्मास होता, गारा आणायला. शाळेच्या प्रयोगशाळेतला कॅलिपर होता, व्यास मोजायला. वडश्याला गाडी बदलताना वाटेत संत्री घ्यावीत असं मनात आलं होतं, पण गाडी सुटत होती आणि गारा वितळत होत्या.

पोचले तेव्हा एकही गार शिल्लक नव्हती. बाकी सगळं दिसत होतं. भाऊजी छतावर चढून फुटलेले कवेलू काढत होते. शेतातला उन्हाळी धान कोणी लोळून उठावं तसा आडवा झाला होता. बाईच्या घरामागे मोहाची पाच-सहा मोठी झाडं आहेत. त्यांची फुलं वेचायचे ते दिवस. फुलं सगळी चिखलात ठेचली गेली होती आणि उन्हानं आंबू लागली होती. आख्ख्या टोलीला, तिथल्या वस्तीला, दारूचा वास येत होता, पण दारू कोणालाच मिळणार नव्हती.

बाई पदर खोचून कचरा लोटत होती. माझ्या हातातला थर्मास तिनं पाहिला.

"मोजाले आली का भेटाले?"

"दोन्ही," मी म्हणाले.

"मंग आधी कवेलू उचल."

दोन तास मी कवेलू उचलले. त्यांतले धड निवडून बाई भाऊजींना शिडीवरून देत होती आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होती, मी खरंच काम करते की गार शोधते ते. मी दोन्ही करत होते. गोठ्यामागच्या सावलीत, पाल्याच्या ढिगाखाली, नालीत. एकही नाही.

दुपारी शेजारची म्हातारी आपली पोचे आलेली भांडी दाखवायला घेऊन आली. गोंडाची बाई, एकटी राहणारी. तिचा जर्मनचा मोठा गंज, अ‍ॅल्युमिनियमचं पातेलंच ते, गारा पडताना अंगणात पालथा होता आणि त्यावर गारांनी खड्डे पाडले होते. माझे डोळे चमकले. गार नसली तरी गारेचा ठसा होता! मी कॅलिपर काढला, खड्ड्याचा व्यास घेतला, वहीत लिहिला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. म्हातारी उकिडवी बसून बघत होती.

"काय मोजून राह्यली वं माय?"

"गार केवढी होती ते, आजी."

"याच्यावरून समजते?"

"अंदाज येतो."

"असं," म्हणाली, आणि उठली. मला वाटलं दुसरं भांडं आणायला गेली. ती आली ती दोन्ही हातांत पोतं धरून. माझ्यासमोर ठेवून तिनं पोत्याचं तोंड उघडलं. आत शेळीचं पिल्लू होतं. दोन महिन्यांचं असेल. कपाळावर, दोन कानांच्या मधोमध, गंजावर होता तसाच खड्डा.

"मंग याच्यावरून बी सांग," म्हातारी म्हणाली. रागानं नाही. तिला खरंच वाटलं होतं की मी कोणीतरी सरकारी बाई आहे आणि हेही लिहून घेईन.

मी कॅलिपर पिशवीत टाकला. बाईनं माझ्याकडे पाहिलं नाही, आत जाऊन म्हातारीसाठी चहा घेऊन आली.

इथे माझी इच्छा विरली असं लिहायला मला आवडलं असतं. नाही विरली. परतीच्या गाडीत वडसा यायच्या आत मी मंडळावर गंजाचे फोटो टाकले, शेजारी कॅलिपर ठेवलेले. पोतं टाकलं नाही. "जबरदस्त!" "नशीबवान आहात!" "आमच्याकडे कधी?" असा पाऊस पडला. कोकणातल्या डॉक्टरांनी अंगठा उंचावला. मी मोबाइल पालथा ठेवून खिडकीबाहेर बघत होते. पण प्रत्येक नवा निरोप आला की मी मोबाइल उघडत होते, हेही खरं.

आमचं वादळ त्याच्या पुढच्या वर्षी आलं. मे महिन्यात, कोणताही इशारा न देता. जिल्ह्याचा रंग त्या दिवशी हिरवा होता.

त्याआधी दोन दिवस भिंगरीचा पाइप हलू लागला होता. वेल्डिंगवाले भाऊ कूलरच्या कामात बुडालेले. "चार दिवसांनी येतो भाभी," म्हणाले. मला चार दिवस कुठले निघायला. वादळाच्या दिवशी सकाळी नवरा मालासाठी चंद्रपूरला गेल्यावर मी मागच्या अंगणात गेले, पत्र्यांच्या चळतीची नायलॉनची दोरी सोडली आणि गच्चीवर नेऊन तिनं पाइप तीन बाजूंनी आवळला. दोरी दुकानात ढीगभर होती. पण नवी बंडलं माळ्यावर, आणि ही हाताशी. इतकंच कारण.

दुपारी साडेतीनच्या सुमारास मी डोक्याला मेंदी लावून बसले होते. मेंदी वाळू नये म्हणून वरून दुधाची मोठी पिशवी टोपीसारखी घातलेली. सुट्टी, घरी कोणी नाही, बघतंय कोण? अचानक खोली काळवंडली. पडद्यावरचे आकडे चढू लागले. मी बाहेर आले तर पश्चिमेचं आभाळ कधी पाहिलं नव्हतं अशा रंगाचं, हिरवट, मार लागून दोन दिवस झालेल्या कातडीसारखं. पक्षी गप्प. कुत्री पुलाखाली.

मी जिना चढले. चप्पल घातली नाही, मेंदी काढली नाही, दार लावलं नाही. पंधरा वर्षांची वाट पाहणं संपलं होतं.

गच्चीवर पाय ठेवला आणि ते आलं. आवाज आधी आला, मालगाडीसारखा, पण आमच्या घरावरून रूळ गेलेले नाहीत. मग डोक्यावरची पिशवी गेली. मग खुर्ची, जी मी या क्षणासाठी तिथे वर्षानुवर्षं मांडून ठेवली होती, ती माझ्या खांद्याला घासून खाली गेली. मी उभी राहू शकले नाही. रांगत पाण्याच्या टाकीपर्यंत गेले, तिच्या आडोशाला बसले, दोन्ही हातांनी टाकीच्या नळाच्या पाइपला मिठी मारली आणि डोळे गच्च मिटले.

पुढे जे झालं ते मी पाहिलेलं नाही. ऐकलं. गारा टाकीवर आपटत होत्या, माझ्या पाठीवरही. काहीतरी कडाडून मोडलं. आणि मग खालून एकामागून एक असा आवाज, कोणी मोठमोठी पानं उलटावीत तसा. फडाड. फडाड. तो आमच्या पत्र्यांचा आवाज होता हे मला कळलं आणि मी डोळे आणखी घट्ट मिटले. मला माहीत असलेल्या सगळ्या देवांची नावं मी घेतली. विज्ञानाचं नाव घेतल्याचं आठवत नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. नंतर लोक म्हणाले दहा मिनिटं. कोणीतरी माझा खांदा हलवत होतं. वेल्डिंगवाले भाऊ होते, नखशिखांत भिजलेले.

"भाभी! सर से खून निकल रहा, हाथ मत लगाओ!"

माझ्या कपाळावरून, गालांवरून, ब्लाउजवरून तांबडे ओघळ वाहत होते.

"मेंदी आहे," मी म्हणाले.

ते क्षणभर बघत राहिले. मग म्हणाले, "खाली चलो. अम्मी कू देखो."

त्यांच्या अंगणात कडुनिंबाखाली त्यांच्या आईची बाज असते. त्या बाजेवर चाची रोज दुपारी पडतात आणि नमाजच्या वेळेला उठतात. आमचा एक पत्रा रस्ता ओलांडून आला होता आणि बाजेची विणलेली नवार कापून, आरपार, जमिनीत उभा रुतला होता. जिथे उशी असते तिथे. चाची ओसरीवर बसल्या होत्या, हातात वजूचा लोटा, त्यातलं पाणी कधीच सांडून गेलेलं. लोटा त्यांनी खाली ठेवला नव्हता.

संध्याकाळी नवरा आला. मूलपासून झाडं पडली होती म्हणून उशिरा, पायी काही अंतर तोडत. त्यानं अंगण पाहिलं, रिकामी जागा पाहिली, मग वर गेला. खाली आला तेव्हा हातात दोरी होती.

"हे वरती कशी गेली?"

मी सांगितलं. त्यानं दोरी गुंडाळली. सावकाश, कोपर आणि अंगठ्यामध्ये, जशी दुकानात गुंडाळतो तशी. मला वाटलं ओरडेल. तो म्हणाला, "सांगून ये."

"कोणाले?"

"जिले लागला असता तिले."

रस्ता ओलांडायला मला त्या दिवशी फार वेळ लागला. चाची आत लाकडी पेटीवर बसल्या होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. दोरी मी सोडली, भिंगरीसाठी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "फिर? देखा क्या? कैसा था?"

"काय?"

"तूफान, और क्या. इत्ते साल से बुला रही थी."

"डोळे मिटले होते, चाची."

"शुरू से?"

"सुरुवातीपासून."

त्या हसायला लागल्या. आधी बारीक, मग खदखदून, ओढणी तोंडात कोंबून. "आया तो आँखें बंद कर ली! सुना क्या रे?" त्यांनी मुलाला आतून हाक मारली. "इसने देखाच नई!" मुलगा हसला नाही. सूनही नाही. चाचींचं हसू ओसरलं, त्यांनी ओढणीनं डोळे पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मैं रोज और पाँच मिनट सोती हूँ. आज मक्खी ने उठाया."

मला त्यांनी बस म्हटलं नाही. मी थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी कोकणातल्या डॉक्टरांचा फोन. आमच्या भागाची बातमी त्यांना कळली होती. "अभिनंदन! कसं होतं ते सांगा." मी त्यांनाही खरं तेच सांगितलं, कारण आता गावभर झालंच होतं. त्यांनी पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाले, "कोणाला बोलू नका. आमच्या वेळी मी आणि बायको बाथरूममध्ये होतो. व्हिडिओ शेजाऱ्याचा आहे."

त्यानंतरचे दहा दिवस पंचनाम्याचे. गावातल्या पन्नासेक घरांचं काही ना काही उडालं होतं, आणि उन्हाळी धान होता त्यांचा धान गेला होता. पण आमच्या भागाचं वारा-पाऊस मोजायचं सरकारी यंत्र दुसऱ्या एका गावात उभं आहे, आणि त्या गावात त्या दुपारी नुसती झुळूक आली होती. कागदावर म्हणजे आमच्याकडे वादळ झालंच नव्हतं. लोक मग माझ्या दारात आले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा लोकांनी मला हवामानाचं काही थट्टा न करता विचारलं.

"म्याडम, तुमच्या भिंगरीत असन न लिहून?"

मी त्यांना खोलीत नेऊन पडदा दाखवला. भिंगरी पाइपासकट मोडून नालीत गेली होती. तीन बाजूंनी आवळलेला पाइप बुडातून मोडतो, हे मला वेल्डिंगवाल्या भाऊंनी नंतर समजावलं. पडद्यावर तीन आडव्या रेघा होत्या.

"हे काय होये?"

"यंत्राला कळलं नाही तर असं दाखवतं."

"म्हणजे त्यानं बी डोये मिटले," गर्दीतून भाजीवाली म्हणाली. सगळे हसले, आणि मीही हसले, कारण दुसरं काय करणार?

मग मी टेप घेऊन निघाले. कोणाचा पत्रा किती लांब गेला, कोणत्या झाडाचं खोड किती जाड होतं, कवेलू किती फुटले, कोणाच्या गंजावर केवढे खड्डे. टेपचं दुसरं टोक कधी घरमालक धरत, कधी वेल्डिंगवाले भाऊ. या वेळी कोणी पोतं आणून ठेवलं तर तेही लिहिलं. दोन बकऱ्या, एक वासरू, कोंबड्या. चोवीस पानं झाली. सुवाच्य अक्षरात, घरवार.

पाहणीला आलेल्या माणसानं ती हातात घेतली. "हे काय?"

"नोंद."

"तुम्हाला कोणी सांगितली होती?"

"कोणी नाही."

उकाडा भयंकर होता, लाइन नव्हती. त्यानं पानांची घडी केली आणि वारा घेत आमची गल्ली पाहिली. जाताना पानं सोबत नेली, एवढं खरं. यादी लागली तेव्हा काहींची नावं होती, काहींची नव्हती, आणि कशावरून होती ते यादी करणाऱ्यालाच ठाऊक. आमच्या दुकानाचं नाव पहिल्या पाचांत होतं. उडालेल्या पत्र्यांचा फोटो फार छान आला होता. नवऱ्यानं जाऊन ते नाव काढायला लावलं. नाव चढवायला जेवढे अर्ज लागतात त्याहून जास्त ते काढायला लागले. चाचींच्या बाजेचं नाव कुठेच नव्हतं. बाज नुकसानीत धरत नाहीत.

त्या महिन्यात दुकानातून पत्रे भराभर गेले. नवऱ्यानं भाव वाढवला नाही, तरी बोलणारे जे बोलायचे ते बोललेच. त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. मी त्यांच्या जागी असते तर अधिक चांगलं वाक्य शोधलं असतं.

चाचींची बाज आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात विणली. चौकट वेल्डिंगवाल्या भाऊंनी सरळ केली, नवार आमच्याकडून. मला कोणी बोलावलं नव्हतं. नवार घेऊन गेले आणि तिथेच बसले, तर चाचींनी एक टोक माझ्या हातात दिलं. दोन दुपारी लागल्या. मी नवार ओढून धरायची, सून आडवी घालायची आणि चाची पेटीवर बसून चुका काढायच्या.

"खींच. और खींच. खाना नहीं खाई क्या? झूला बना रही मेरा."

दुसऱ्या दुपारी शेवटच्या ओळी घालत होतो तेव्हा लांबून गडगडलं. सून थांबली. चाचींनी माझ्याकडे पाहिलं.

"जा, देख आ."

"नको, चाची."

"अरे जा. चेहरा देख अपना."

मी नवार सुनेच्या हातात दिली आणि फाटकापर्यंत गेले. मूलच्या रस्त्यावर रिकामे ड्रम भरलेला ट्रक खड्ड्यांतून चालला होता. आभाळ स्वच्छ, निळंशार. मी परत येऊन टोक हातात घेतलं.

"क्या था?"

"ट्रक."

"खींच," चाची म्हणाल्या.